चंद्राक्काची पदं

“…मग त्या फायली तिथे काय करत होत्या?”

“माहीत नाही, बुवा.”

“माहीत नव्हतं, म्हणून काढल्यास?”



नदीकाठच्या लहानशा मठात धुंडीबुवांपुढे मुकुल सकाळपासून बसून होता. शहरातली इंजिनिअरची नोकरी सोडून इथे आला, त्याला तीन वर्षं झाली होती. मठात संगणक त्यानेच आणला. त्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

“हळू चालत होता,” तो म्हणाला. “जागा करायची होती. ज्यांची नावं ओळखीची नव्हती, त्या फायली मला अडगळ वाटल्या.”

“मशीनने काही विचारलं नाही?”

“विचारलं. नक्की काढायच्या का… दोनदा विचारलं.”

“तू काय म्हणालास?”

“हो म्हणालो.”

बुवा अंगणाकडे बघत राहिले.

“त्या फायलींवरच सगळं मशीन उभं होतं,” मुकुल म्हणाला. “बंद करून पुन्हा लावलं, तर चालूच होईना. नुसता काळा पडदा.”

“तालुक्याला दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे नेलंस?”

“नाही.”

“का?”

“मला येतं, असं वाटलं… नवी सिस्टीम घालायला गेलो. त्यात सगळी डिस्क पुसली गेली. काल नेलं त्याच्याकडे. तो म्हणाला, आता काही हाती लागायचं नाही.”

“चंद्राक्काची पदं?”

“त्यातच होती.”

“तिचा आवाज?”

“तोही.”

“दुसरी प्रत?”

“काढणार होतो…”

चंद्राक्का दोन्ही डोळ्यांनी आंधळी होती. मठाच्या मूळपुरुषाची दोनशे अकरा पदं तिला तोंडपाठ होती. ती कुठेच लिहिलेली नव्हती आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला येतही नव्हती. दोन वर्षं ती रोज दुपारी ओसरीवर बसून म्हणायची आणि मुकुल तिचा आवाज साठवून पदं संगणकात उतरवून घ्यायचा. शेजारी बुवा बसलेले असायचे. शेवटचं पद झालं त्या दिवशी ती म्हणाली, “आता माझं ओझं उतरलं.” पुढच्या महिन्यात ती गेली.

मुकुलने वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मी जातो. इथे राहायचं तोंड नाही मला.”

बुवांनी त्याचा हात धरला. बोटं उलगडून बघितली.

“याच बोटांनी लिहिलीस ना सगळी?”

“हो.”

“एक म्हण त्यातलं.”

मुकुलने तोंड उघडलं. ओठ हलले.

“एकही येत नाही, बुवा. शब्द चुकू नये, एवढंच बघत होतो. लिहिलं म्हणजे राहिलं, असं वाटलं मला.”

बुवांनी हात सोडला नाही.

मुकुलने एकदम मान वर केली. “तुम्ही तर रोज तिच्याजवळ बसत होता. तुम्ही म्हणा. मी पुन्हा लिहितो. वहीत लिहितो. कितीही दिवस लागू देत.”

बुवांनी डोळे मिटले. मग हलक्या आवाजात म्हणू लागले.

“ऐलाडी ठेविला दिवा, पैलाडीचा वारा…
कोण राखी, कोण विझवी…”

थांबले.

पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबले. थोडा वेळ नुसती चाल गुणगुणली. मग तीही थांबली.



“पुढे, बुवा?” मुकुलने विचारलं.

बुवांनी डोळे उघडले. ते भरून आले होते.

“तू लिहीत होतास ना… म्हणून मी ऐकायचं सोडून दिलं होतं.”