सामंतनंतर सोनटक्के

“परिच्छेदात पहिली ओळ आत, आणि संदर्भसूचीत पहिली ओळ बाहेर. अप्पा, काहीतरी एक ठरवा ना!”

कालिंदीने प्रबंधाची चळत ओसरीवर आदळली.

नीळकंठअप्पा होनराव सुपारी कातरत होते. ते कातरतच राहिले.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर अप्पा घाटाखालच्या या घरात येऊन राहिले होते. कालिंदी घुले ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मळणीच्या गाण्यांसाठी तिने सगळा तालुका पालथा घातला होता. सोमवारी प्रबंध विद्यापीठात द्यायचा, तेवढी अप्पांची सही राहिली होती. आणि अप्पांनी तो पुन्हा परत केला होता. मजकुराबद्दल अवाक्षर नाही. फक्त शेवटी, संदर्भसूचीच्या पानावर, पेन्सिलीने लिहिलेलं : नाव बाहेर, बाकी आत.

कालिंदीने सगळंच एका रेषेत घेतलं होतं. परिच्छेद सरळ, सूची सरळ. भिंत बांधल्यासारखं. तिला ते छान दिसायचं.

“कारण सांगा, मग करते.”

“कारण कळल्यावर काय, कुणीही करेल.”

“हे उत्तर झालं?”

“नाही,” अप्पा म्हणाले. “चहा टाक.”

म्हाताऱ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की चहा सुचतो. कालिंदी जागची हलली नाही. या माणसाचा हेकटपणा तिला पाठ होता. ओसरीवर चांगली आरामखुर्ची असताना रोज संध्याकाळी फाटकाबाहेरच्या दगडावर जाऊन बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची धूळ खायची. विचारलं तर म्हणायचं, वारा असतो. वारा कसला, नुसता फुफाटा!

“चहा नंतर. आधी उत्तर.”

अप्पांनी अडकित्ता मिटला.

“बरं. मला या सूचीत एक नाव शोधून दे.”

“कुठलं?”

“सावळे.”

कालिंदीचं बोट पानावरून फिरू लागलं. आडनाव, साल, पुस्तक, गाव, पुन्हा आडनाव. एक नोंद कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, तिचं तिलाच उमगेना. तरी ती शोधत राहिली. नाही ते शोधायला वेळ लागतो, तसा लागला.

“सापडत नाही.”

“दाटी फार आहे,” अप्पा म्हणाले. “बाहेर घे जरा त्यांना.”

तिने फणकाऱ्याने लॅपटॉप उघडला. सगळी सूची निवडली, एक कळ दाबली. झालं. एवढ्याचसाठी माणूस आठवडाभर अडून बसला होता!

पडद्यावरच्या ओळी सरकल्या. पुस्तकं, सालं, गावं, सगळी आत गेली. आडनावं तेवढी समासापाशी उभी राहिली, कुणी हाक मारल्यावर दारात यावं तशी.

“वाच.”

“राजगुरू... लहाने... वाकडे...” तिने भराभर वर-खाली नजर टाकली. “सामंत... सोनटक्के...”

ती थांबली.

आधी ही जागा दिसत नव्हती. आता दिसत होती. सामंतनंतर थेट सोनटक्के. मध्ये ओळभरही फट नव्हती, तरी दिसत होती.

“काढलं मी ते नाव,” ती म्हणाली.

“का?”

“त्याचं काही छापून आलेलं नाही. तुमच्याच हाताखालचं काम अर्धवट टाकून गेला तो. असल्याचा संदर्भ कोण देतं?”

“तिसऱ्या प्रकरणातली गाणी कुणी जमवलेली?”

ती पडद्यावरची सूची वर-खाली करू लागली.

“कालिंदी.”

“त्यानेच.”

“म्हणजे गाणी ठेवलीस. माणूस काढलास.”

“तो गेला, अप्पा!” तिचा आवाज चढला. “दोन हिवाळे आम्ही खळ्याखळ्यावर सोबत फिरलो. मी लिहून घ्यायची, तो ऐकायचा. म्हाताऱ्या बायका माझ्यासमोर तोंड उघडायच्या नाहीत, सुमेध सावळे दिसला की हसून गायला लागायच्या. आणि एक दिवस गेला निघून. का, कुठे... काही नाही. मला सांगून गेला नाही तो.”

अप्पांनी सुपारीचं खांड हातात घेतलं. कातरलं नाही.

“मलाही नाही सांगितलं,” ते म्हणाले.

कालिंदीला पुढे भांडायचं होतं. भांडण तयार होतं, पण कुणाशी करायचं तेच कळेना.

  

तिने लॅपटॉप मांडीवर ओढला. सामंत आणि सोनटक्के यांच्यामध्ये जागा केली. सावळे, सुमेध. अप्रकाशित संग्रह. गावांची नावं टाकताना ओळ भरली, दुसरी ओळ आपोआप आत गेली, तिसरीही. नाव बाहेर राहिलं.

बराच वेळ ती त्या नावाकडे बघत बसली. नुसतं नाव. खळ्यावरच्या भुशाचा वास नाही, की त्याचं ‘कालिंदे, पेन मिटव आणि ऐक’ नाही. काहीच नाही.

“झालं,” ती म्हणाली. “करा सही.”

अप्पांनी सही केली. मग पायात चपला सरकवल्या आणि काठी घेऊन अंगणात उतरले. संध्याकाळची एसटी घाटातून वळणं घेत उतरत होती, तिची घरघर ऐकू येत होती.

“अप्पा, कुठे निघालात?”

“दगडावर.”

“अहो, खुर्चीवरूनसुद्धा रस्ता दिसतो!”

“दिसतो की.”

ते गेले. फाटकाबाहेर जाऊन, रस्त्याकडे तोंड करून बसले.

सुमेध याच गाडीने यायचा. कालिंदीला हे माहीत होतं. रोज माहीत होतं. धुळीवरून अप्पांना टोमणे मारतानाही माहीत असणार.

एसटी आली. फाट्यावर तिचा वेग कमी झाला. अप्पांची मान वर झाली. ड्रायव्हरने ओळखीचा हात हलवला, आणि गाडी न थांबता पुढे गेली. धूळ उडाली, हळूहळू खाली बसली.

कालिंदी उठली. अंगण ओलांडून फाटकापर्यंत आली आणि फाटकाच्या आतल्या बाजूला, खांबाला टेकून पायरीवर बसली. रस्ता रिकामा होता. तरी दोघंही बघत राहिले.

“नाही आला,” ती म्हणाली.

अप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. दगडावर ते एका कडेला सरकले.

“अशी बाहेर येऊन बस, पोरी. आत बसलेलं माणूस रस्त्यावरून दिसत नाही.”