राजाने दिलेला कोयता

एका डोंगराळ राज्यात राजाच्या मालकीची तांब्याची खाण होती. खोल आणि काळोखी. माणसं पाटीत बसून दोराने खाली उतरत. तिथे दोघे भाऊ कामाला होते. थोरला खाली उतरायचा, धाकटा वर रहाट ओढायचा.

एका वर्षी तांबं कमी निघालं, तेव्हा राजा स्वतः खाणीवर आला. "आजपासून ही खाण तुमचीच समजा," असं म्हणून त्याने प्रत्येकाला एकेक कोयता दिला. "दोर झिजला की कापून टाका, नवा लावा. विचारायला येऊ नका."

माणसं हरखली. थोरल्याने त्याच आठवड्यात एक विरलेला दोर कापला.

खाणीचा कारभारी धावत आला. "आले बघा खाणीचे मालक! अजून महिनाभर चालला असता की हा. कुणाला विचारून कापलास?"

"महाराजांनीच सांगितलं होतं."

"महाराज सांगून जातात. जाब मला द्यावा लागतो!"

कापलेला दोर थोरल्याच्या गळ्यात घालून कारभाऱ्याने त्याला दिवसभर उन्हात उभं केलं. येणारे-जाणारे हसले. राजाच्या कानावर गेलं, पण तो काही बोलला नाही.

पावसाळा सरला. नव्या दोराचाही पीळ सुटू लागला.

"दादा, काप की तो," धाकटा म्हणाला.

"आणि परत गळ्यात घालून मिरवू? पोरं अजून चिडवतात मला."

"मग मी कापतो."

"गप बस. तुला तसं उभं केलेलं मला बघवणार नाही. एवढी खेप होऊ दे."

धाकट्याने ऐकलं. ऐकायला नको होतं. अर्ध्या वाटेत दोर तुटला. रहाट एकदम हलका झाला आणि धाकटा पाठीवर आपटला. तो हाका मारत राहिला. खालून ओ आली नाही.

राजा आला. दोराचं तुटलेलं टोक बघून म्हणाला, "कोयता होता ना त्याच्या कमरेला? मग कापला का नाही?"

"कापला होता की!" धाकटा ओरडला. "एकदा कापला होता! तेव्हा कुठे होता तुम्ही?"

राजाने मान खाली घातली. कारभाऱ्याला हाकललं, नवे दोर आणवले. पण माणसं आता सांगितल्याशिवाय बोट हलवेनात. दिवा विझला तरी हुकमाची वाट बघत अंधारात बसून राहत. तांबं निघेनासं झालं, खाण बंद पडली. तिच्या तोंडावर आता गवत वाढलंय. धाकट्याचा दादा अजून खालीच आहे.

तात्पर्य: माणसाला अधिकार दिला, तर तो वापरेल त्या दिवशी त्याच्या पाठीशी उभं राहावं. ते जमणार नसेल तर देऊच नये.