चाटून दाखवा, साहेब

डब्यात दगड फिरवून गुळगुळीत करायचे, हा आमच्या मंडळाचा छंद. आपसात अदलाबदल करताना दगडाला दगड द्यायचा, पण तो स्वतः वेचलेलाच, हा नियम टिपणीस साहेबांचा. सगळ्यांच्या पिशव्या तेच तपासायचे. त्यांची पिशवी तपासायची मात्र कुणाची छाती नव्हती.

त्या रविवारी कुसुम खरातच्या निळ्या पट्ट्यांच्या गारगोटीवर त्यांचा डोळा होता. बदल्यात त्यांनी एक लालभडक दगड पुढे केला.

"प्रवरेच्या पात्रात सापडला. एकटाच गेलो होतो. उचलला तसाच आणलाय."

मला तो जरा जास्तच स्वच्छ वाटला. कुसुमलाही वाटला असणार.

सुक्या दगडाचा रंग ओला केल्याशिवाय कळत नाही, म्हणून वेचताना आम्ही सगळेच तो जिभेला लावून बघतो. कुसुमने साहेबांचाच दगड त्यांच्या तोंडासमोर धरला.

"चाटून दाखवा, साहेब. मग माझी गारगोटी तुमची."

साहेब झटकन मागे सरले.

"वेड लागलंय का? ॲसिडने धुतात हे लोक दगड!"

कुसुमने आपली गारगोटी पिशवीत टाकली.

"कोण लोक, साहेब? नदीवर तर तुम्ही एकटेच होतात ना?"