नाव न घेणारी दवंडी

कुंभवती नगरीत राजा महीसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका दवंडीवाल्याच्या घरी जन्मले होते. त्या जन्मी त्यांचे नाव वेणुक.

नगरीबाहेरच्या अरण्यात पुंडक आणि कराल या दोन म्होरक्यांच्या टोळ्या होत्या. गाव जळाले की कोणत्या टोळीने जाळले, ते वेणुकाने चौकात पुकारायचे, अशी रीत होती. लोकांनी सावध राहावे, एवढाच हेतू. पण ज्याचे नाव पुकारले जाई त्याला भेदरलेली गावे मुकाट्याने धान्य पोचवीत, आणि रिकामटेकडे तरुणही त्यालाच जाऊन मिळत. मग दुसऱ्या म्होरक्याची माणसे गळू लागत आणि आपलेही नाव पुकारले जावे म्हणून तो आणखी मोठे गाव जाळी. कदंबगाव जळाले तेव्हा तर दोघांचेही निरोप आले, की ते आम्हीच जाळले. माणसे कशाकशावर हक्क सांगतील, याचा नेम नाही.

वेणुकाला आपल्या ढोलाची लाज वाटली. राजाची परवानगी घेऊन त्याने रीत मोडली. आता तो फक्त मेलेल्यांची नावे पुकारी. "कदंबगावची सोमा विणकरीण गेली. नदीकाठच्या कितीतरी मुली तिने विणलेले शेले पांघरून बोहल्यावर चढल्या होत्या." जाळणाऱ्याचे नाव तो घेत नसे.

पुंडकाकडे येणारे धान्य आटले, माणसे पांगली. शेवटी तो स्वतःच भर दुपारी चौकात आला. त्याचे नाव साऱ्या राज्याला ठाऊक होते, चेहरा मात्र कोणालाच माहीत नव्हता. वेणुकाच्या बरगडीला सुरा लावून तो म्हणाला, "कदंबगाव पुंडकाने जाळले, असे पुकार. नाहीतर मरशील."

वेणुक घाबरला होता. तरी त्याने ढोल वाजवला.

"ऐका हो ऐका. आज भर चौकात वेणुक दवंडीवाला मारला गेला. त्याच्यामागे आंधळी आई आहे, तिला कोणीतरी दोन घास द्या. कोणी मारले, ते विचारू नका."

लोक धावत आले. हा सुरेवाला कोण, असे ते विचारू लागले. वेणुकाने नाव घेतले नाही, आणि आंधळ्या आईच्या मुलावर सुरा धरणारा तो मीच, असे पुंडकालाही सांगवेना. त्याचा हात खाली आला.

"तुझ्या दवंडीतली ती सोमा कशी होती?" त्याने विचारले.

वेणुकाने त्याला शेजारी बसवून सगळे सांगितले. पुंडक राजाच्या स्वाधीन झाला. वेणुकाच्या विनवणीने त्याला जीवदान मिळाले आणि त्याने कदंबगावची घरे पुन्हा उभारली. चढाओढ करायला कोणी न उरल्याने करालाची टोळीही मोडली.

ही कथा पुढे बुद्धपदाला पोचल्यावर शास्त्यांनी शिष्यसंख्येवरून भांडणाऱ्या दोन भिक्षूंना सांगितली. ते म्हणाले, "त्या वेळचे पुंडक आणि कराल तुम्हीच. सकाळी जिने तुम्हाला चीवर दिले ती उपासिका म्हणजे सोमा. वेणुक मी होतो. तेव्हा मला तारले ते करुणेने."

दोघा भिक्षूंनी अंगावरच्या चीवराकडे पाहिले आणि माना खाली घातल्या.