रेघ न ओढता काढलेला नकाशा

“सगुणेला म्हणे महाराज गावाबाहेर काढणार, कारण तिनं शाळेत—” नळावरून एवढंच कानावर आलं. मला खिडकीत बघून दोघी गप्प! मग काय, सोलता लसूण टाकून मी थेट शेजारी, सगुणेच्या दारात.

“खरंय मावशी,” सगुणा म्हणाली. “शाळेत विजेचे दिवे बसवले, तारांचा नकाशाही मीच काढला. वीजकामाचा परवाना नसताना!”

“मग घे की परवाना!”

“त्यासाठी आधी स्वतः केलेला नकाशा दाखवावा लागतो. आणि परवान्याशिवाय नकाशा काढला, की गुन्हा!”

असला कायदा आमच्या महाराजांनाच सुचावा!

महाराजांचं बोलावणं आलं, तेव्हा तिची पिशवी धरायच्या निमित्तानं मीही राजवाड्यात घुसले. महाराज मिशीला पीळ देत म्हणाले, “या दिवाणखान्यातल्या विजेचा नकाशा संध्याकाळपर्यंत दाखव. परवाना देतो. पण तू एक रेघ जरी ओढलीस, तर गावाबाहेर!”

सगुणेनं पिशवीतून निळीत बुडवलेली दोरी काढली. वायर सरळ जावी म्हणून वीजकाम करणारी मंडळी अशी दोरी भिंतीवर ताणतात. टिचकी मारली की निळी रेघ उमटते. एक टोक तिनं माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोरी भिंतीवर ताणून उभी राहिली.

“आता?” महाराजांनी विचारलं.

“आता काही नाही. मला मनाई आहे ना!”

महाराजांना राहवेना. पुढं होऊन मारली टिचकी. फट्! “अरे वा!”

“दिव्याचं बटण कुठं हवं, महाराज?”

“खिडकीशी.”

“म्हणजे अंधारात ठेचकाळत तिथवर जायचं?”

“नको, नको! दाराशी!” फट्!

मग काय विचारता! महाराज पगडी काढून स्टुलावर चढले. “पंख्याची रेघ माझी! कुणी हात लावाल तर खबरदार!”

संध्याकाळी महाराजांचे दिवाणजी आले आणि त्यांनी चष्मा लावून भिंती तपासल्या. “भिंतींवरचा नकाशा बिनचूक आहे. म्हणजे पोरीनं हुकूम मोडला!”

“मी एकही रेघ ओढली नाही,” सगुणा म्हणाली. “ज्यांनी ओढल्या, त्यांचा परवाना तपासा, दिवाणजी!”

दिवाणजी महाराजांच्या निळ्या बोटांकडे बघतच राहिले. महाराजांनी स्टुलावरच बोटं पाठीमागं लपवली, आणि असे खदखदून हसले की स्टूल डुगडुगलं!

“मलाच गावाबाहेर काढतेस होय गं! डोकं हिचं, माझ्या नुसत्या टिचक्या! दिवाणजी, परवाना लिहा हिच्या नावानं. आणि तो कायदा आधी फाडा!”

नळावरच्यांचं निम्मं मात्र खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी महाराजांनी सगुणेला गावाबाहेर पाठवलंच: सरकारी टांग्यातून, संस्थानातल्या बारा गावांत दिवे लावायला!