गॅलरीतली हाक

शहर किती श्रीमंत झालं हे कुत्र्यांना विचारून ठरवायचे, त्या काळची ही गोष्ट. एका गल्लीतला म्हातारा कुत्रा भुऱ्या समोरच्या टोलेजंग इमारतीकडे बघून रोज म्हणायचा, “पूर्वी एकाही घरात कुत्रा नव्हता. आता गॅलरी-गॅलरीत आहे. शहराचं नशीब उघडलं!”

कुणी हाक दिली की सगळ्यांनी ओ द्यायची, ही गल्लीची रीत. गॅलरीतल्या हाकेला मात्र भुऱ्याची बंदी होती. “शेखी मिरवतात मेले! जो ओ देईल तो गल्लीबाहेर.”

चौथ्या मजल्यावरचा केसाळ कुत्रा सकाळी घराला कुलूप लागलं की भुंकायला लागायचा, तो दिवेलागणीपर्यंत. गल्लीतली तरुण कुत्री भिंगरी कान देऊन ऐकायची.

“आजोबा, ही शेखी नाही. ‘कुणी आहे का?’ असं विचारतोय तो.”

“तू पावसाळे पाहिलेस किती गं? त्याच्या ताटलीत मटण असतं!”

“मग ते टाकून दिवसभर ओरडतो कशाला?”



एका दुपारी त्या कुत्र्याचा आवाज पार बसला. भिंगरीला राहवेना. मान वर करून तिने ओ दिली, “आहे रे, मी आहे!”

मग पाचव्या मजल्यावरून, नवव्यावरून, बाराव्यावरून, प्रत्येक गॅलरीतून तीच हाक आली, “कुणी आहे का?”

“ऐकलंत? केवढं श्रीमंत शहर!” असं म्हणत भुऱ्याने भिंगरीकडे पाठ फिरवली. अख्खी गल्ली त्याच्यामागे गेली.

भिंगरी इमारतीच्या फाटकाशी एकटीच उरली आणि एकेका गॅलरीला ओ देत राहिली.