पासवर्ड तिघांनाच ठाऊक

"मग पासवर्ड बाहेर गेलाच कसा?" धुंडीबुवांनी विचारलं.

"तेच तर म्हणतोय मी, बुवा!" श्रीरंग तावातावाने बोलला. "पासवर्ड ठाऊक तिघांना. आपण, मी आणि अनसाबाई. आपण कुणाला सांगणार नाही. मी तर नाहीच नाही. मग उरलं कोण?"

अनसाबाई दाराशीच उभ्या होत्या. सतरा वर्षं त्यांनी मठाची चूल सांभाळली होती. आज त्यांच्या हातात निघून जाण्यासाठी भरलेली कपड्यांची पिशवी होती.

मठ कसला, गावाबाहेरचं तीन खोल्यांचं घर ते. पण तिथल्या वायफायवरून कुणीतरी गावातल्या एका बाईला घाणेरड्या धमक्या पाठवल्या होत्या. पोलीस माग काढत मठापर्यंत आले. तीन वाजता हवालदार लेखी जबाब न्यायला येणार होता, आणि अडीच तर वाजून गेले होते.

जबाब श्रीरंगने लिहून ठेवला होता. 'पासवर्ड अनसाबाई यांच्याकडून फुटला.' खाली बुवांची सही तेवढी बाकी.

"बाई, तुम्ही सांगितलात कुणाला?"

"न्हाई बुवा. लेकीचं तोंड बघायला फोन लावते, तेवढंच. देवाशपथ."

"चोर कधी कबूल करतो का?" श्रीरंग म्हणाला. बोलला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच. अनसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

बुवांनी सहीसाठी पेन उचललं. मग खाली ठेवलं.

"तुझं ते वायफायचं कुलूप दाखव मला."

श्रीरंगला हेच हवं होतं. शहरातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो मठात आला होता, पण डोक्यातली हवा काही तिकडे सोडून आला नव्हता. त्याने मोबाइलवर राउटरचं पान उघडलं.

"हे बघा. नवं एन्क्रिप्शन, सगळ्यात भक्कम. सव्वीस अक्षरांचा पासवर्ड. नेटवर्कचं नावसुद्धा लपवलंय. हे फोडायला जन्म जाईल एखाद्याचा!"

बुवांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते नुसतं बोट फिरवत खाली खाली गेले. थांबले.

"हे दुसरं काय आहे?"

"ते... ते काही नाही."

"काही नाही, तर लिहिलंय कशाला?"

"दुसरं नेटवर्क आहे. प्रिंटरपुरतं. प्रिंटर जुना आहे, त्याला नवं एन्क्रिप्शन चालत नाही. म्हणून जुनं ठेवलंय."

"ते किती भक्कम?"

श्रीरंग मोबाइल मागे घेऊ लागला.

"बोल."

"...माहीतगार माणूस दहा मिनिटांत फोडेल."

"आणि एकदा आत शिरला, की इंटरनेट?"

"...तेच. एकच कनेक्शन आहे."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

"तुला ठाऊक होतं?"

"लावतानाच ठाऊक होतं."

"मग प्रिंटर बंद का नाही केलास?"

त्या प्रिंटरवर दर गुरुवारी बुवांचं निरूपण छापलं जाई आणि गावभर वाटलं जाई. प्रत्येक पानाच्या तळाशी ठळक अक्षरं असत: 'शब्दांकन – श्रीरंग'. लोक ती पानं देवघरात ठेवत. ते नाव तिथून जाऊ नये, एवढंच त्याला वाटलं होतं. लाज इतकी दाटून आली की मान वर होईना.

"माझं नाव छापून येत होतं, बुवा," तो कसाबसा म्हणाला.

...

बाहेर मोटरसायकल थांबली. हवालदार तीन वाजता येणार होता, पण लवकरच आला होता.

श्रीरंगने घाईने मोबाइल ओढला. "हे नेटवर्क आत्ताच्या आत्ता काढून टाकतो!"

बुवांनी मोबाइलवर पंजा ठेवला. दुसऱ्या हाताने जबाबाचा कागद पुढे सरकवला.

"आधी हे."

श्रीरंगने अनसाबाईंचं नाव खोडलं. तिथे स्वतःचं लिहिलं. खाली प्रिंटरचं लिहिलं, दुसऱ्या नेटवर्कचं लिहिलं, ठाऊक असून ठेवलं तेही लिहिलं. बुवांनी सही केली. हवालदाराने उभ्याउभ्या कागद वाचला, श्रीरंगकडे एकदा नीट पाहिलं आणि उद्या सकाळी चौकीवर यायला सांगून तो गेला.

श्रीरंग अनसाबाईंपुढे गेला आणि वाकला. त्या दोन पावलं मागे सरल्या. पिशवी अजून त्यांच्या हातात होती.

मग तो आत गेला. प्रिंटरची विजेची वायर काढली, जुनं नेटवर्क पुसून टाकलं, आणि मोबाइल घेऊन बुवांसमोर येऊन बसला.

"बुवा, आता पहिला पासवर्डही बदलायला हवा. नवा काय ठेवू?"

"तू नाही ठेवायचास. अनसाबाई ठेवतील," बुवा म्हणाले. "तुला सांगायचा की नाही, ते त्यांचं त्या बघतील."